कोल्हापुरात तीन दिवस, सोबत जपानी पाहुणे. काय दाखवू, काय घेऊन देऊ?

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे. माझा भाऊ ओसाकात नोकरीला आहे आणि वहिनी तिकडचीच. यंदा तिचे आईवडील पहिल्यांदाच भारतात येताहेत. पुण्यातलं एक लग्न उरकून आम्ही सगळे ३० जानेवारीला रात्री कोल्हापुरात पोचणार आणि २ फेब्रुवारीला रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघणार. म्हणजे हातात तीन दिवस.

आईबाबा सत्तरीच्या आसपासचे, पण माझ्यापेक्षा जास्त चालतात. बाबांना सुमोचा भयंकर नाद, टीव्हीवर कुस्त्या लागल्या की जेवायला उठत नाहीत म्हणे. आई घरी हातमागावर थोडंफार विणते, तिला कापड आणि जुनी देवळं आवडतात. वहिनीला फक्त कोल्हापुरी चप्पल हवी आहे, आणि "दिखाऊ नको, खरी हवी" असं तिनं मला मराठीत बजावलंय. तिखट वहिनीला चालतं, आईबाबांना झेपत नाही.

गाडीवाल्यानं कार्यक्रम पाठवलाय. पहिल्या दिवशी अंबाबाई, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा आणि संध्याकाळी रंकाळा. दुसऱ्या दिवशी कणेरी मठ, नरसोबाची वाडी, खिद्रापूर. तिसऱ्या दिवशी "शॉपिंग". मला वाचूनच दम लागला. तिथल्या लोकांनी सांगा, यातलं काय ठेवू आणि काय उडवू? खरेदीत फसायचं नसेल तर कुठं काय बघून घेऊ?

रंकाळ्यावरचा:

कार्यक्रम बरोबर हाय की. कोल्हापूरला येऊन न्यू पॅलेस न बघता गेलासा तर लोक हसतील. सकाळी मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर. विषय संपला. नाद खुळा!

चौकशी_खिडकी:

माझी सगळी नोकरी एसटीच्या चौकशी खिडकीत झाली. बाहेरगावचा माणूस गाडीतून उतरला की पहिलं काय विचारतो ते मला पाठ आहे: "एका दिवसात काय काय होईल?" तुमच्या गाडीवाल्यानं त्याच प्रश्नाचं उत्तर लिहून दिलंय. त्याला किलोमीटरचे पैसे मिळतात, तो आणखी काय लिहिणार? तुम्ही मात्र पहिल्या दिवशी गाडी घेऊच नका.

उतरायचं महाद्वार रोड, ताराबाई रोड, बिनखांबी गणपती, या भागात कुठंही. देऊळ, भवानी मंडप, खासबागचं कुस्तीचं मैदान, गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ, चप्पल लाइन, सगळं पायी होतं. स्टेशनजवळ उतरलात की प्रत्येक वेळी रिक्षा. कोल्हापुरात कुठं जायचं ते कुणीही सांगेल, खरा घोळ होतो तो किती वाजता जायचं त्यात.

आता तुमच्या तारखा बघा. मुद्दाम काढल्यात की आपोआप जुळल्या माहीत नाही, पण ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस आहेत. देवी पश्चिमेकडं तोंड करून आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप पार करून पितळी उंबऱ्यावर येतात आणि तिथून गाभाऱ्यात. पहिल्या दिवशी पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा हिशेब. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ला पुन्हा हेच. हिशेब कागदावरचा हं. आभाळ आलं, धुरकट हवा असली, की किरणं कमरेपर्यंत येऊन विरतात आणि सगळा मंडप "आजचं गेलं" म्हणून चुकचुकतो. म्हणून तिन्ही संध्याकाळ मोकळ्या ठेवा, एक तरी साधेल. सहाला पोचलात तर माणसांच्या पाठी दिसतील, साडेचारलाच आत जाऊन बसा. आत फोटो काढायचे नाहीत आणि कपडे अंगभर हवेत, एवढं पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

दर्शनाला मात्र पहाटे जा. तेव्हा रांग कमी असते, आणि आईंना देवळाच्या बाहेरच्या भिंती निवांत बघता येतील. लोक गाभाऱ्याकडं धावतात आणि भिंतीवरच्या त्या नाचणाऱ्या, वाद्यं वाजवणाऱ्या दगडी बायकांकडं कुणी मान वर करून बघत नाही. उजाडताना तिरपा प्रकाश पडला की त्यांच्या हातातल्या बांगड्यासुद्धा मोजता येतात.

बाबांना सुमोचा नाद असेल तर त्यांचं मुख्य देऊळ तालीम. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, यातल्या कुठल्याही तालमीत पहाटे किंवा दुपारी चारनंतर पोरं जोर मारत असतात. अर्थातच आधी वस्तादांना विचारायचं. चपला बाहेर. हौद्यात पाय टाकायचा नाही, तो लाल मातीचा चौकोन पैलवानांसाठी देव आहे. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती महिनोन्महिने मळलेली असते, उंबऱ्यावर उभं राहिलं तरी वास येतो. कुस्ती सुरू करण्याआधी दोघं एकमेकांच्या अंगावर मूठभर माती टाकतात. सुमोवाले मीठ उधळतात म्हणे, बाबांना ते बघितल्यावर आणखी काही समजावून सांगावं लागणार नाही.

तिथून खासबाग मैदान दाखवा. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते, येताना रोमचं ते जुनं गोल प्रेक्षागार त्यांच्या डोक्यात राहिलं, आणि १९१२ साली इथं हे मैदान पुरं झालं. मैदान बशीसारखं खोलगट आहे, कुठंही बसा, मधला हौदा दिसतोच. त्या दिवशी कुस्त्या नसल्या तरी वरच्या कडेला एकदा बसून या. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृहसुद्धा महाराजांच्याच काळातलं. ऑगस्ट २०२४मध्ये ते आगीत जळालं, तेव्हा अर्धं कोल्हापूर रस्त्यावर उभं राहून रडलं.

न्यू पॅलेस ठेवा, पण तासाभरापुरता. काळ्या घडीव दगडाची इमारत १८७७ ते १८८४ या काळात बांधली, आराखडा मेजर मँटचा. बाहेरून देखणी. आत हत्यारं, छायाचित्रं आणि भुसा भरलेली जनावरं. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा टाऊन हॉलचं छोटं म्युझियम बघा. लोक बागेत शेंगा खात बसतात आणि आत शिरत नाहीत. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेली पोसायडनची काशाची मूर्ती तिथली. ग्रीकांचा समुद्रदेव! कोकणातल्या बंदरात उतरून घाट चढून आला असेल बिचारा. मूर्ती अगदी लहान आहे, नाही तर तुम्ही पुतळा शोधत बसाल. सोमवारी म्युझियम बंद असतं, दिवस बघून जा.

कणेरी मठ यावेळी सोडा. वाईट काही नाही, गावगाड्याचे पुतळे छान केलेत, शाळेच्या सहली तिथं जातात आणि जायलाच हव्यात. पण तुमच्या पाहुण्यांना जिवंत गावगाडा दाखवता येत असताना सिमेंटचा कशाला?

जोतिबाला रविवारी जाऊ नका. त्याचा वार आहे, गुलालात न्हाऊन निघाल. ते पाहिजे असेल तर गोष्ट वेगळी.

खिद्रापूर मात्र ठेवा, आणि सकाळी लवकर निघा. साठ-सत्तर किलोमीटर आहे, तिथं गाडी लागतेच, वडापनं, म्हणजे माणसं भरभरून नेणाऱ्या जीपनं, पाहुण्यांचे हाल होतील. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि त्याला वर छतच नाही, मधोमध गोल उघडं आकाश. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. आईंना तिथं उभं करा आणि गप्प बसा. आणखी एक म्हणजे देवळासमोर नंदी नाही. तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे. का, ते तिथलं कुणीही रंगवून सांगेल, दक्षाच्या यज्ञापासून सुरू होतं.

येताना वाडीला थांबा, पादुकांचं दर्शन घ्या, घाटावर बसा. बासुंदी आणि पेढे तुम्हाला माहीत असतील, पण कवठाची बर्फी घ्या. आंबटगोड असते, जपानी माणसाला पेढ्यापेक्षा तीच आवडेल असं माझं मन सांगतं.

खरेदीचं उद्या लिहिते, डोळे दुखायला लागले.

गोदाकाठची:

काकू (काकूच म्हणू ना?), तुम्ही तर आमचा सगळा कागदच फाडलात. खूप खूप आभार. किरणोत्सव अगदी योगायोग, तारखा लग्नानं ठरवल्या.

दोन शंका. तालमीत आम्ही बायकांनी गेलेलं चालतं का? आणि आईबाबांना जेवायला काय घालू? दहीभातावर तीन दिवस काढायला लावायचे नाहीत.

चौकशी_खिडकी:

काकू म्हणा, सगळं खातं म्हणायचं तेच.

तालमीत बायकांचं असं की वस्तादांवर आहे. काही ठिकाणी दारातून बघू देतात, काही ठिकाणी नको म्हणतात. पोरं लंगोटावर असतात, मारुती असतो, जुनी शिस्त आहे. नको म्हणाले तर हुज्जत घालू नका, बाबांना आणि भावाला आत पाठवा, तुम्ही तोवर चहा घ्या. मला स्वतःला ही शिस्त पटते असं नाही, पण पाहुण्यांना घेऊन भांडायची ती जागा नव्हे.

जेवणाचं सोपं आहे. पांढरा रस्सा काय तिखट नसतो. मटणाचा स्टॉक, नारळाचं दूध, खसखस, थोडी मिरी. सूप पिणाऱ्या माणसाला तो लगेच कळतो. आळणी मटण मागा, ते मीठ-हळदीचं असतं, तिखट पडायच्या आधी काढलेलं. तांबडा वहिनींसाठी. मटणाचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार, त्या दिवशी दुपारी एक वाजता कुठल्याही नावाजलेल्या खानावळीत गेलात तर उभे राहाल, बाराला जा. मिसळ खाताना कट वेगळा मागून घ्या. आणि इथं मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात, पाव मागितलात की समोरचा ओळखतो पुण्याहून आलेत.

आता खरेदी.

साडी इथं घेऊ नका. तुम्ही नाशिकच्या, येवला तुमच्या दारात, आणि कोल्हापुरात येऊन पैठणी बघणार? आईंना विणलेलं काही द्यायचंच तर घोंगडी बघा. हुपरीकडं जाताना पट्टणकोडोली लागतं, तिथली घोंगडी नावाजलेली. काळ्या लोकरीची, खरखरीत, अंगाला टोचते. विणणाऱ्या बाईला ते टोचणंच आवडेल.

गुजरीत जाणार असाल तर खिसा सांभाळून जा, चोरांसाठी म्हणत नाही. कोल्हापुरी साज बघायला तरी जाच. एकवीस पानं असतात. त्यात दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन पानांत माणिक आणि पाचू, आणि एक डोरलं. दुकानदाराला एकेक पान दाखवायला सांगा: मासा, कासव, चंद्र, शंख, भुंगा. चांदीवर सोन्याचं पाणी दिलेलाही मिळतो, भेट द्यायला तो पुरे. ठुशी-बोरमाळ सोन्यात घेतलीत तर बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते हे लक्षात ठेवा, सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या. चांदीची पैंजणं पाहिजेत तर हुपरी. घरोघर काम चालतं तिथं, पोकळ घुंगरू फुंकणीनं झाळताना बघायला मिळाले तर बघा.

आणि गूळ. जानेवारी म्हणजे गुऱ्हाळाचा भर. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून दुकानात खोकी सजवून ठेवलेली असतात, पण तुम्ही पन्हाळ्याकडं जाताना वडणगे, चिखली या बाजूला धूर दिसेल तिथं गाडी थांबवा. "पाहुणे आणलेत, बघू का?" म्हणा, कुणी नाही म्हणत नाही. उसाचा रस मोठ्या काहिलीत चढवलेला असतो, खाली चुलवाणात चिपाडं पेटलेली. रानभेंडीचा चिकट रस घालतात, मग काळपट मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकतात. हळूहळू रस फुगतो, रंग बदलतो, फुटणारे बुडबुडे आवाज करतात. गुळव्या मधेच थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. गोळी जमली की हाक मारतो, आणि मग सगळी माणसं धावतात, काहील उलटवून वाफ्यात ओततात. दोन मिनिटं उशीर झाला तर माल गेला. तिथं गरम गूळ उसाच्या कांडक्यावर गुंडाळून देतात. घेताना पिवळाधमक बघून भुलू नका, तो रंग बऱ्याचदा पावडर घालून आणलेला असतो. तांबूस-काळपट घ्या. काकवी घेतलीत तर बाटली सामानाच्या बॅगेत टाका, विमानात हातात नेऊ देणार नाहीत.

चटणी लक्ष्मीपुरीत घ्या. ताजी कुटलेली पाहिजे तर उन्हाळ्यात डंकावर, मिरची कुटतात तिथं, या, आत्ता मागच्या हंगामाची मिळेल, चालते.

चपलेबद्दल मी बोलत नाही, इथं माझ्यापेक्षा जाणकार आहेत. कुठं आहेस रे?

वादी_आणि_टाच:

आलो काकू.

ताई, आमचं घर सुभाषनगरात, चार पिढ्या हेच काम. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत आमच्यासारखीच चप्पल दिसली आणि एकदम सगळी दुनिया कोल्हापुरीवर बोलायला लागली. बरं झालं, दुसरं काय. पण गिऱ्हाईक अजून विचारतंय की "ही मऊ का नाही?"

खरी कशी ओळखायची ते बगा. उलटी करा. तळाला खिळा दिसला, रबर दिसलं, की ठेवून द्या. आमच्यात तळ आणि टाच चामड्याच्या वादीनं शिवतात, टाके हातानं पडलेले असतात, थोडे वाकडेतिकडे असणारच. कड बोटानं चाचपा, चामड्याचे थर एकावर एक लागतात. पुठ्ठा घातलेला असेल तर कडेला पोकळ वाटतं. नाकाला लावा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा वास एकदा घेतला की रेक्झिन ओळखायला शाळा लागत नाही. रंगबी तसाच, मधासारखा. काळा, लाल हवा तर मिळतो, पण पहिली जोडी बिनरंगाची घ्या, वापरात ती स्वतःच गडद होते.

तळाला म्हशीचं चामडं, वरचं नाजूक काम शेळीच्या चामड्याचं. कापायचं, ठोकायचं काम पुरुष करतात. वेण्या घालायचं, शिवायचं आमच्या घरात आई आणि बायको करते, आणि सगळ्या घरांत असंच. दुकानात हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो.

प्रकार: कापशी सगळ्यात प्रसिद्ध, कान मोठे, दिसायला ऐटबाज. पायताण जाड, शेतकऱ्याचं, वजनाला भारी. कुरुंदवाडी साधी, नाजूक. जपानी बाईंना कुरुंदवाडी किंवा बारीक वेणीची कापशी शोभंल. करकर वाजणारी हवी का बिनआवाजाची ते आधी सांगा. आवाजाची मुद्दाम करावी लागते, आणि त्यांच्या देशात लोक लई शांत असतात म्हणं.

बाहेरच्या देशात न्यायची तर पाय मोजून करून घ्या. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं कड मारायची, अंगठ्याची जागा खूण करायची. हे माप मला आधी पाठवलं तर तुम्ही यायच्या आत तळ कापून ठेवता येतो, आल्यावर वहिनींच्या पायावर पट्टा बसवून दोन दिवसांत हातात. चप्पल लाइनीत तयार मालबी चांगला मिळतो, सगळंच खोटं असतं असं न्हाय. २०१९ला भौगोलिक मानांकन मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. त्यामुळं अथणीची चप्पल दिसली तर तोंड वाकडं करू नका. तिथलं काम बारीक असतं, आम्हीच मानतो.

भाव कराच, पण निम्म्यावर येऊ नका. एका जोडीला किती हात लागतात ते घरी येऊन बगा आणि मग बोला. चहा आमच्याकडं.

मैदानातला_आवाज:

सगळे कुस्ती कुस्ती करतायत, फुटबॉल कुणी सांगणार की नाही? ताई, १ फेब्रुवारीच्या आसपास शाहू स्टेडियमवर हंगाम जोरात असतो. कोल्हापुरात फुटबॉल खेळणारे संघ म्हणजे तालमीच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. संघाच्या नावात तालीम मंडळ आणि पायात बूट. जपानी लोक फुटबॉलचे शौकीन असतात, त्यांना गॅलरीत बसवा. फक्त पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लब अशी गाठ असेल तर मधल्या बाजूला बसा आणि कुठल्याही रंगाचा शर्ट घालू नका. मी गंमत करत नाही.

दुपारी मॅच, तिथून चालत गंगावेशीत दूध कट्टा. म्हशी बांधलेल्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात. पैलवान पितात तसं.

शहाणा_डॉक्टर_नाही:

दूध कट्टा दाखवा, पाजू नका. मी डॉक्टर नाही, औषधाच्या दुकानात बसतो, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी काय घ्यायला येतात ते बघतो. आपल्या पोटाला सवय असते. सत्तरीच्या जपानी माणसाला न उकळलेलं दूध देऊन आपण काय सिद्ध करणार?

मैदानातला_आवाज:

आमचे आजोबा रोज प्यायचे.

चौकशी_खिडकी:

तुझे आजोबा ओसाकाहून आले नव्हते. हे बरोबर सांगतायत. बघायला न्या, धार काढताना पितळी चरवीत आवाज कसा बदलत जातो ते ऐकवा, आणि गरम दूध प्यायचंच असेल तर रात्री कढईतलं, आटवलेलं मिळतं.

पन्हाळ्याचं राहिलं. अर्धा दिवस द्या, दुपारनंतर नको, किरणोत्सव चुकेल. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात पन्हाळा आहे. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी आणि अंबरखाना एवढं पुरे. अंबरखान्यात आत शिरून वर बघा, छताला भोकं आहेत, तिथून धान्य ओतत. १६६०च्या वेढ्यात महाराज इथं महिनोन्महिने होते ते या धान्यावर. पाहुण्यांना पावनखिंडीची गोष्ट सांगायची जबाबदारी तुमच्या भावाची, जपानीत सांगताना त्याला बाजीप्रभूंची वाक्यं कशी जमतात ते मला कळवा.

गोदाकाठची:

मंडळी, परत आलो. पाहुणे ओसाकाला पोचले, आता निवांत लिहिते.

३१ तारखेला ढग होते, किरणं अलीकडंच विरली. काकू म्हणाल्या तसं सगळे चुकचुकले, आणि आमची आईसुद्धा त्यांच्यात चुकचुकली, कशासाठी ते तिला नीट माहीत नसताना. दुसऱ्या दिवशी मात्र बघायला मिळालं. गाभाऱ्यातले दिवे मालवले आणि तांबूस उजेड पायऱ्यांवरून सरकत वर चढला. बाबा सगळा वेळ हात जोडून होते.

तालमीत वस्तादांनी आम्हा बायकांना दारात उभं राहू दिलं. बाबांना पोरांनी आत बसवलं, थंडाई दिली. बाबांनी खाणाखुणा करून कुठला डाव म्हणून विचारलं, एका पोरानं सुरुवातीला ढाक दाखवली, मग बाबांनी उभं राहून सुमोतली एक पकड दाखवली, मग तालमीतली सगळी पोरं भोवती. तिथून त्यांना उठवायला आम्हाला दुपार झाली. त्या नादात पन्हाळा राहिला. त्यामुळं भावाची बाजीप्रभूंची परीक्षाही टळली.

गुऱ्हाळ आम्ही मुद्दाम जाऊन बघितलं. आईनं गूळ तोंडात टाकला आणि म्हणाली, ओकिनावाला अशीच काळी साखर करतात. मग तिनं चार किलो घेतला. गुळव्यानं पैसे घ्यायला नको म्हटलं, आम्ही जबरदस्तीनं दिले. पट्टणकोडोलीला घोंगडी घेतली, ती ओसाकात सोफ्यावर पडली आहे आणि भाऊ तक्रार करतोय की टोचते. कवठाची बर्फी मात्र कुणालाच आवडली नाही, माझ्याशिवाय. पांढरा रस्सा बाबांनी दोन वाट्या मागून घेतला.

वहिनीची चप्पल झकास. बिनआवाजाची कुरुंदवाडी केली, चप्पलवाल्या दादांच्या आईंनी वेणी घालताना तिला शेजारी बसवून एक वेढा घालायला दिला. आता तिचा प्रश्न: जूनमध्ये त्यांच्याकडं पावसाळा सुरू होतो, हवा ओलीचिंब असते. चप्पल खराब होऊ नये म्हणून काय करायचं?

वादी_आणि_टाच:

पावसात घालायचीच न्हाय, हे पहिलं. भिजली तर उन्हात टाकू नका, हीटरपुढं तर अजिबात न्हाय, चामडं कडक होऊन उलतं. कोरड्या फडक्यानं पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, सावलीत वाऱ्यावर ठेवा. वाळली की खोबरेल तेलाचं बोट फिरवा, ओतू नका, नाहीतर डाग पडतात आणि मुंग्या लागतात. ठेवताना सुती पिशवी, प्लॅस्टिकमध्ये बांधली की बुरशी येणारच. बुरशी आली तर घाबरू नका, मऊ ब्रशनं झाडून टाका आणि परत तेल.

पहिले आठ दिवस चावंल. अंगठ्याजवळ जास्त चावत असंल तर झोपताना तिथं तेल लावून ठेवायचं, सकाळी मोजे घालून घरातल्या घरात फिरायचं. टाचेची वादी सुटली तर तिकडच्या चांभाराकडं देऊ नका, तो खिळा मारंल. तुमचा भाऊ गणपतीला येणार असंल तर त्याच्याबरोबर पाठवा. आणि दुसरी जोडी वहिनींच्या आईंना करायची असंल तर पायाचं माप आत्ताच काढून ठेवा, मेनंतर आमच्याकडंबी चामडं वाळत न्हाय.